ऐतिहासिक वेशभूषा घरच्या जुन्या कापडातूनच व्हावी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत आपल्याकडच्या प्राथमिक शाळांमध्ये ऐतिहासिक वेशभूषेचे प्रसंग एकामागून एक येतात. स्नेहसंमेलन आटोपते तोच ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊंची जयंती आणि १९ फेब्रुवारीला शिवजयंती. प्रत्येक वेळी पालकांच्या मोबाइलवर चार-पाच दिवस आधी सूचना येते की, मुलांनी अमुक व्यक्तीच्या पोशाखात यावे. मी सोलापुरातील एका शाळेत ३१ वर्षे शिवण व कार्यानुभव हे विषय शिकवून निवृत्त झाले आहे. या हंगामात माझ्या डोळ्यांसमोर जे घडले, त्यावरून शाळा, पालक आणि परीक्षक या तिघांनाही काही सांगावेसे वाटले, म्हणून हे पत्र.

आमच्या गल्लीतील तिसरीत शिकणाऱ्या एका मुलीला स्नेहसंमेलनात हिरकणीची भूमिका मिळाली. तिची आई विड्या वळते. शाळेने ‘पोशाख भाड्याने उपलब्ध आहेत’ असे कळवून दुकानाचा पत्ताही दिला होता. भाडे ४५० रुपये आणि अनामत ५०० रुपये, म्हणजे नुसत्या भाड्यासाठीच आईची दोन दिवसांहून अधिक मजुरी जाणार होती, आणि अनामत तर उसनीच आणावी लागणार होती. ती माऊली संकोचत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, तिला नाही म्हणून सांगू का?” मी आधी तिच्याबरोबर त्या दुकानात गेले, कारण हिरकणीचा पोशाख म्हणून नेमके काय देतात हे मला पाहायचे होते. दुकानदाराने पुढे ठेवली ती जांभळ्या सॅटिनची, रुंद सोनेरी पट्टीची, आतून इलॅस्टिक घातलेली शिवलेली नऊवारी. तिच्यासोबत चकाकता कमरपट्टा, बाजूबंद, नथ आणि मोत्यांची तन्मणी. तोच पोशाख जिजाऊंसाठी जातो, तोच झाशीच्या राणीसाठी जातो आणि तोच लावणीच्या नाचासाठीही जातो, असे त्यानेच सांगितले.

हिरकणीची कथा मराठी मुलांना सांगावी लागत नाही. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले गडाचे दरवाजे, घरी राहिलेले तान्हे लेकरू आणि काळोखात तिने उतरलेला कडा. या कथेचा सगळा जीव ती साधी कष्टकरी बाई असण्यात आहे. तिच्या अंगावर सॅटिन आणि कमरेला सोन्याचा पट्टा चढवला की, मुलांच्या मनात कड्यावरून उतरणारी आई राहतच नाही, एखादी सरदारीण उभी राहते. म्हणून भाड्याच्या पोशाखाला माझा आक्षेप केवळ पैशांचा नाही. तो महाग पडतो हे खरेच आहे, परंतु महाग पडूनही तो चुकीचा असतो, याचे मला अधिक वाईट वाटते.

आम्ही काय केले ते थोडे तपशिलाने सांगते, कारण इतरांना ते करून पाहता येईल. त्या मुलीच्या आजीची एक सुती सहावारी होती, धुऊन धुऊन मऊ झालेली, रंग उडून मातकट हिरवी दिसणारी. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंचांची. ती लांबीच्या दिशेने मधोमध दुमडली की साडेबावीस इंच उरतात, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या कमरेपासून पोटरीपर्यंतचे माप साधारण तेवढेच भरते. डोंगर चढणाऱ्या-उतरणाऱ्या बाईचे लुगडे घोट्यापर्यंत लोळणारे नसणारच, त्यामुळे ही लांबीच योग्य होती. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड मोठ्या बाईला लागते. एवढ्याशा मुलीला साडेपाच मीटरची सहावारी काष्ट्यासाठी पुरून उरते. कमरेला आधी एक सुती नाडी घट्ट बांधली, तिच्यावर लुगड्याची गाठ मारली, पुढच्या निऱ्या घालून मधला भाग पायांतून मागे नेऊन खोचला, आणि पदराकडची घडी मात्र उलगडून मोकळी ठेवली, म्हणजे पदर डोक्यावरून घेता आला. कोठेही कात्री लावली नाही. नवख्या पालकांची पहिली चूक येथेच होते, की ते साडी कापून, शिवून तिचा परकर करतात. आपल्याकडचे जुने कपडे बहुतांशी नेसण्याचे, गुंडाळण्याचे आणि बांधण्याचे आहेत. ते कापले की बिघडतात आणि नेसले की जमतात.

चोळीसाठी आईचे दंडात घट्ट झालेले जुने सुती पोलके उसवले, पाठ अरुंद केली, हूक काढून टाकले आणि पुढच्या दोन्ही कडांना त्याच कापडाच्या पट्ट्या जोडून गाठीची चोळी केली. हातात घरच्याच काचेच्या बांगड्या आणि गळ्यात काळी पोत. डोक्यावर घ्यायला पितळी तांब्या घरात होता, परंतु त्याच्याखाली चुंबळ हवी हे त्या मुलीला ठाऊक नव्हते. जुन्या फडक्याचा पीळ देऊन, त्याची गोल गुंडाळी करून ती तिने स्वतः वळली, आणि तांब्या डोक्यावर स्थिर राहिल्याचे पाहून तिला जो आनंद झाला तो दुकानातल्या कोणत्याही दागिन्याने झाला नसता. सगळा खर्च एका दोऱ्याच्या रिळाचा, म्हणजे १५ रुपये. कार्यक्रमाच्या दिवशी रंगमंचामागे एका शिक्षिकेने तिला विचारले, “दागिने घालायचे राहिले का?” तिने शांतपणे सांगितले, “हिरकणी दूध विकायला गेली होती.” मला वाटते, त्या दिवसांत ती जे शिकली ते या एका वाक्यात आले.

मुलांच्या बाबतीत मावळ्याचा पोशाख सर्वांत जास्त मागितला जातो, आणि दुकानांत मिळतो तो भगव्या किंवा लाल चमकदार कापडाचा झब्बा, त्याच रंगाची विजार आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेली तयार पगडी. बारा मावळांतला शेतकरी नांगर ठेवून तलवार घ्यायला आला, तो असा कसा दिसेल? त्याला शोभते ती बंदांनी बांधायची सुती बाराबंदी, गुडघ्यापर्यंत खोचलेले धोतर, कमरेला शेल्यासारखे गुंडाळलेले कापड, डोक्याला मुंडासे आणि खांद्यावर घोंगडी. आम्हा सोलापूरकरांना तर बाराबंदी संग्रहालयात शोधावी लागत नाही. नुकतीच झालेली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा ज्यांनी पाहिली, त्यांनी सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीत हजारो भक्तांच्या अंगावर पांढरीशुभ्र बाराबंदी पाहिली आहे. शहरातल्या कित्येक घरांत ती दरवर्षी धुऊन, इस्त्री करून जपून ठेवली जाते. इतका जुना पोशाख वापरात असलेल्या गावातील मुलांनी मावळा होण्यासाठी नायलॉनचा झब्बा भाड्याने आणावा, याचे मला मनापासून दुःख होते.

बाराबंदी बेतणे अवघड नाही. छाती २५ इंच असलेल्या मुलासाठी ४४ इंच पन्ह्याचा मांजरपाट, म्हणजे जाडेभरडे कोरे सुती कापड, सव्वा मीटर पुरतो. मी आणला तो ८० रुपये मीटर होता, म्हणजे १०० रुपयांत कापड झाले. आधी तो रात्रभर पाण्यात भिजवून, चोळून त्याची खळ काढून टाकावी, नाहीतर शिवल्यानंतर पहिल्याच धुण्यात कपडा आखूड होतो. पाठ एकसंध घ्यावी आणि पुढचे दोन्ही भाग एकमेकांवर चढतील इतके रुंद ठेवावेत. बाह्या सरळ. बगलेत मात्र कापडाचा चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगला, जोडायला विसरू नये. तो नसला की मुलाने तलवार उगारताच शिवण उसवते, आणि तो असला की अंगाबरोबर कापड उघडते-मिटते. जुन्या कारागिरांनी कापड वाया न घालवता, वक्र कातरकाम टाळून, चौकोन आणि कळ्या (तिरके कापलेले तुकडे) जोडून अंगाला मोकळीक दिली, ती युक्ती या एका तुकड्यात समजते. उरलेल्या कापडाच्या दीड इंच रुंद पट्ट्या दुमडून, शिवून आठ-आठ इंचांचे बारा बंद करावेत. दोन बंदांची एक गाठ, म्हणजे सहा गाठी. बटण नको, चेन नको, आणि चिकटपट्टी तर नकोच. ज्या मुलासाठी मी ती शिवली त्याने बंद मोजले आणि ‘म्हणून बाराबंदी’ असे स्वतःशीच म्हटले.

मुंडासे बांधण्याची एक सोपी रीत सांगते. मुलाच्या डोक्यावर बांधायला गेले की तो हलतो आणि कापड सुटते. त्याऐवजी मोठ्या माणसाने स्वतःच्या गुडघ्यावर तीन मीटर जुने सुती कापड पीळ देत बांधावे, आतल्या बाजूने चार कच्चे टाके घालावेत आणि तयार मुंडासे मुलाच्या डोक्यावर ठेवावे. ढालीला वाण्याकडचे जाड खोके चालते; गोल कापून, त्याच्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चार थर चिकटवून वाळवले की ती दणकट होते. पायांत वहाणा असाव्यात, नसल्यास अनवाणी चालावे. शाळेच्या शिस्तीसाठी मावळ्याला पांढरे बूट घालायला लावू नये, एवढी विनंती आहे.

रंगाबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण खरेपणा सर्वांत आधी तेथेच हरवतो. पहिला कृत्रिम रंग इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन या तरुणाच्या हाती लागला तो १८५६ मध्ये. त्याआधी कपड्यांचे रंग बहुतेक झाड, माती किंवा किड्यांसारख्या नैसर्गिक गोष्टींपासूनच येत. आपल्याकडे नीळ, मंजिष्ठ व आल यांची मुळे, हळद, डाळिंबाची साल आणि काव ही तांबडी माती यांच्यापासून. त्यामुळे शिवकाळातील प्रसंगात आजच्या कृत्रिम रंगांचा डोळ्यांत खुपणारा गुलाबी किंवा पोपटी शोभत नाही. घरच्या घरी रंगवायचे तर नव्या मांजरपाटाची कोरी झळाळी घालवायला चहाचा उकळलेला चोथा पुरेसा आहे. गाळलेल्या पाण्यात अर्धा तास कापड बुडवून ठेवले की ते जुने, वापरातले दिसते. त्याच पाण्यात आधी मूठभर गंजलेले खिळे भिजवून ठेवले तर चहातील तुरट अंश आणि लोह मिळून काळपट राखाडी छटा येते. डाळिंबाच्या साली उकळून, तुरटी घालून चांगला पिवळा रंग चढतो. हळदीचा मोह मात्र टाळावा. तो उन्हात विटतो आणि साबण लागला की लाल डाग पडतात. हे प्रयोग मुलांकडूनच करून घ्यावेत. यातून त्यांना रसायनशास्त्राचा पहिला धडा इतिहासाच्या तासाला मिळतो.

शिवणीचेही तसेच आहे. शिवणयंत्र घरोघरी पोहोचू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे ज्यांच्याकडे यंत्र नाही अशा पालकांनी मुळीच कमीपणा मानू नये. हाताने घातलेला धावदोरा, थोडासा वाकडा गेला तरी, सतराव्या शतकाच्या पोशाखाला यंत्राच्या टिपेपेक्षा अधिक शोभतो. आणि नऊ-दहा वर्षांचे मूल, मुलगा असो वा मुलगी, धावदोरा दोन दिवसांत शिकते, हे मी ३१ वर्षे पाहिले आहे.

राजेरजवाड्यांचे काय, असा प्रश्न येईल. छत्रपती शिवाजी महाराजांची समकालीन शैलीतील जी चित्रे युरोपातील संग्रहांत आहेत, त्यांपैकी एक ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात आहे. अशा चित्रांत महाराज पायघोळ जामा, कमरेला पटका आणि तुरा खोचलेले पागोटे अशा वेशात दिसतात. जाम्याचा घेर आणि बगलेखालची बांधणी घरी साधणे बाराबंदीपेक्षा कठीण आहे, हे मी मान्य करते. परंतु मऊ, जुन्या पांढऱ्या सुती साडीच्या कळ्या कापून तो निश्चित होतो, आणि जरीचा भास हवाच असेल तर एखाद्या फाटलेल्या साडीचे काठ पटक्याला लावावेत. तेवढी एकच चकाकी पुरते, बाकी कापड साधे असले की ती उठून दिसते. ज्यांना पुण्याला जाणे शक्य आहे त्यांनी राजा दिनकर केळकर संग्रहालयातील जुनी वस्त्रे मुलांना अवश्य दाखवावीत. सावित्रीबाईंच्या वेशासाठी तर काही विकत घेण्याची गरजच नाही. शाळेत शिकवायला जाताना लोक अंगावर चिखल-शेण फेकत, म्हणून त्या एक जास्तीचे लुगडे बरोबर नेत असत, असे सांगितले जाते. मग त्यांच्या भूमिकेतल्या मुलीच्या हातात पाटी-पुस्तकाबरोबर घडी घातलेले एक दुसरे जुने लुगडे द्यावे. तो एक तपशील पाहणाऱ्यांना १८४८ च्या पुण्यात घेऊन जाईल, आणि त्याची किंमत शून्य आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप मी स्वतःच घेते, कारण तो न्याय्य आहे. घरी पोशाख करायचा म्हटले की ते काम आईच्या किंवा आजीच्या डोक्यावर येते, आणि दिवसभर राबून आलेल्या बाईला रात्री दिव्याखाली बाराबंदी शिवायला सांगणे हाही अन्यायच आहे. म्हणून सूचना कार्यक्रमाच्या चार दिवस आधी न देता किमान महिनाभर आधी द्यावी, आणि या कामाला कार्यानुभवाचे तास द्यावेत. मुलांनी घरून जुने कापड आणावे आणि कातरणे, रंगवणे, टाके घालणे वर्गात व्हावे. ज्याच्या घरात जुने सुती कापड नाही त्याच्यासाठी शाळेने एक पेटी ठेवावी. प्रत्येक घरातून एक जुनी सुती साडी, धोतर किंवा चादर त्या पेटीत आली, तर दोन वर्षांत शाळेचा स्वतःचा कपडेपट उभा राहील. भाड्याने पोशाख देणाऱ्यांच्या पोटावर पाय यावा अशी माझी इच्छा नाही. नाटकांना आणि मोठ्या कार्यक्रमांना त्यांची गरज आहेच. रंगमंचावरचा पोशाख दुरून आणि प्रखर प्रकाशात पाहायचा असतो, तेथे चकाकीला अर्थ आहे. वर्गाच्या व्हरांड्यात, हातभर अंतरावरून पाहायच्या पोशाखाला तो नियम लागू नाही. शिवाय कृत्रिम धाग्याचे कापड मुलांना घामाने हैराण करते आणि समईच्या ज्योतीला लागले तर वितळून कातडीला चिकटते. सुती कापडही पेट घेते, तेव्हा पदर आणि दिवा यांच्यात अंतर हवेच. पण तो वितळण्याचा धोका तरी टळतो.

परीक्षकांनाही एक विनंती आहे. बक्षीस ज्याचे भाडे जास्त त्याला जाते, ही समजूत पालकांमध्ये रुजली आहे आणि ती सर्वस्वी निराधार नाही. खर्चाची मर्यादा, समजा २०० रुपये, आधीच ठरवून द्यावी आणि प्रत्येक मुलाला दोन प्रश्न विचारावेत: हे कापड कोठून आले, आणि या माणसाने असाच पोशाख का घातला असेल? जे मूल याचे उत्तर देईल त्याने इतिहास अंगावर घातला आहे. चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार-हवालदार या लष्करी अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण जपून वापरा, आज बेफिकिरीने उधळाल तर पुढे पावसाळ्यात काहीच मिळणार नाही, असे ते त्यांत बजावतात. त्यांच्या जयंतीला एका दिवसाच्या कपड्यांसाठी एखाद्या मजुराच्या घरात उसनवारी होऊ नये, ही अपेक्षा त्या पत्राला धरूनच आहे.

दिवाळीत आपली मुले अंगणात माती, दगड आणि जुनी पोती घेऊन किल्ला करतात. त्यात बुरूज वाकडा झाला तरी कोणी नावे ठेवत नाही, उलट येणारा-जाणारा थांबून पाहतो. वेशभूषेकडेही याच नजरेने पाहावे, असे मला वाटते.

शेवटी आपल्याकडे एक मागणी आहे. शिवजयंतीला अजून तीन-चार आठवडे आहेत. आपल्या बालपुरवणीत लहान मुलाच्या बाराबंदीची मापांसह एक आकृती छापावी. मी नोकरीत असताना सर्व नमुने वर्तमानपत्राच्या कागदावरच कापत असे. अंकाचे जोडपान पूर्ण उलगडले की त्यावर आठ-नऊ वर्षांच्या मुलाची पाठ बरोबर बसते. आकृती मी काढून देण्यास तयार आहे. चौबगल्याचे माप तिच्यात ठळक असावे, कारण चुकते ते नेहमी तेथेच.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिवणशिक्षिका, सोलापूर